उत्तराची अट

पूर्णगड,
२६ नोव्हेंबर २०२३

चि. वैष्णवी हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीला दोन दिवस आलीस आणि गेलीस, पण ते दोन दिवस घरातून अजून गेलेले नाहीत. मागच्या पडवीत तू वाळत घातलेला टॉवेल काल मी घडी करून कपाटात ठेवला. पाठवत नाही. पुढच्या खेपेला यायला तेवढंच एक निमित्त.

माझ्या कानातलं यंत्र आता नुसतं शीळ घालतं. तुझे बाबा म्हणतात, आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलंस, आता देवाने तुला सुट्टी दिली तर कुरकुर कशाला. रत्नागिरीच्या कॉलेजात एवढी वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण या माणसाला एका वाक्यात गप्प करणं काही साधलं नाही. बोट विकल्यापासून रोज सकाळी जेटीवर जातात आणि दुसऱ्यांनी बोटी कशा चुकीच्या बांधल्यात ते सांगत बसतात. फोनवरचं तुझं बोलणं मला कळत नाही, आणि मोबाईलवरच्या दोन ओळींत तू दिसत नाहीस, म्हणून हा पत्रांचा हट्ट. पोस्टमन धाकू म्हणतो, हाताने लिहिलेली पत्रं आता गावात फक्त तुमच्याकडेच येतात.

आता खरं ते लिहिते. लेप्टोच्या तापाने सर्वेश गेला त्याला दोन वर्षं होऊन गेली. माझा मुलगा आणि तुझा नवरा एकाच दिवशी गेला, आणि तेव्हापासून आपण दोघींनी एकमेकींना कशी आहेस असं विचारलेलं नाही, कारण ते ठाऊकच असतं. पण या खेपेचं तुझं गप्प राहणं वेगळं होतं. मी लिहिलेलं पुस्तक उशाशी घेऊन झोपलीस, तेही पाहिलं. मध्यंतरी तुझ्या आईचा फोन आला होता. हौसाबाईंनी बोलता बोलता मंडणगडच्या कुणा डॉक्टरांचं नाव काढलं आणि मग घाईघाईने नाचणीच्या पिकावर आल्या, असं बाबा सांगत होते.

मी खोदून विचारत नाही. पण तुझ्या मनात मला ठाऊक नसलेलं काही असलं की मला जेवण लागत नाही, एवढं सांगून ठेवते.

सोबत सुकट पाठवली आहे. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
आई

॥ श्री ॥

मंडणगड,
५ डिसेंबर २०२३

ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि सुकट दोन्ही पोचलं. सुकटीचा वास पत्रालाही लागला आहे, त्यामुळे वाचताना मला पूर्णगडच्याच पडवीत बसल्यासारखं वाटलं.

आमच्या आईच्या पोटात काही राहत नाही. आता सगळंच सांगते. त्यांचं नाव ओमकार. इथल्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत, चाळिशीचे. वडील अंथरुणाला खिळले होते, त्यांचं करण्यात लग्न राहून गेलं. मी शिकवते त्या शाळेत मुलांपुढे जनावरांच्या आजारांवर बोलायला आले तेव्हा ओळख झाली. मग कधी बाजारात भेट, कधी वाचनालयात. दिवाळीच्या आधी त्यांनी सरळच विचारलं. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं.

का नाही, हे सांगायला मी तुमचं पुस्तक पुढे केलं. ‘एकट्याने म्हणायचे’मधलं ते चिंतन मला तोंडपाठ झालं आहे. श्रद्धा म्हणजे उत्तराची अट न घालता बोलत राहणं, असं तुम्ही लिहिलं आहे. देव बोलत नाही तरी भक्त बोलतो, आणि प्रेमाचंही तेच. आपलं माणूस रोज घरी परततं तेव्हा निम्मं प्रेम तेच करत असतं. ते परतेनासं झालं की सगळं प्रेम एकट्याने करायचं, आणि ज्याला ते साधलं तो आत पोचला. आई, गेली दोन वर्षं मी एवढंच धरून उभी आहे. शाळेतून आले की चूळ भरते आणि सर्वेशशी बोलायला बसते. वर्गात कोण रडलं, भाताला पाणी कसं जास्त झालं, सगळं सांगते. तो काही म्हणत नाही. तरी सांगते.

ओमकारनी पुस्तक मागून नेलं आणि आठवड्याने परत आणून दिलं. म्हणाले, बाईंनी मोठं लिहिलंय, पण लिहिलं तेव्हा त्यांचं घर भरलेलं असणार. मला इतका राग आला की पुस्तक हिसकावून घेतलं आणि तशीच निघून आले.

आई, मी बरोबर केलं ना? तुम्ही हो म्हणालात की मग मला दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही.

बाबांना नमस्कार. त्यांना म्हणावं, दुसऱ्यांच्या बोटींना थोडं सुखाने डुलू द्या. लोभ कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

आपली,
वैष्णवी

पूर्णगड,
१२ डिसेंबर २०२३

चि. वैष्णवी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग बाबांना वाचून दाखवलं. बरोबर केलंस, बाय. अगदी बरोबर केलंस. जो तो सांगतो की विसरा आणि पुढे चला, जसं काही माणूस म्हणजे रस्त्यात लागलेलं गाव. तू थांबलीस. माझं पुस्तक छापलं गेलं त्यातल्या निम्म्या प्रती कपाटाखाली वाळवीने वाचल्या. ते एका माणसाने जगून दाखवावं, याहून लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

त्या डॉक्टरांवर मी रागावलेले नाही. थोडी रागावले आहे. विश्वास आणि प्रेम यांवर बोलायचं तर थोडं आत वळावं लागतं. गुरांना टोचणाऱ्याला तेवढी सवड नसेल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत इकडेच ये. तुझी खोली कुणाला दिलेली नाही, देणारही नाही. सर्वेशची हत्यारांची पेटी, तो दुरुस्त करायचा त्या इंजिनांच्या तेलाचे डाग पडलेले सदरे, सगळं जागच्या जागी आहे. आपण तिघं मिळून त्याला आपल्यात ठेवू. तुझं पत्र आल्यावर आज कितीतरी दिवसांनी मी घावणं केली आणि वर नारळाचा रस काढला.

बाबा ऐकून पडवीत जाऊन बसले. घावणंही दोनच खाल्ली. पोट बिघडलं असावं.

आहेस तशीच राहा, आणि आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी,
आई

॥ श्री ॥

मंडणगड,
२० जानेवारी २०२४

ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. तुमचं पत्र आल्यापासून मन शांत आहे. वाचनालयात जाणं मी सोडलं, कारण तिथे ते येतात. शाळेच्या सहलीलाही नाही म्हटलं. आमच्या शाळेतल्या नम्रताबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मुद्दाम घरी येऊन बोलावलं होतं. नवरा नसलेल्या बायकांनाही मी बोलावतेच, म्हणाल्या. त्यांचा हेतू चांगला होता, पण गेले नाही. आत जाणाऱ्याला बाहेरचे आवाज हळूहळू कमी करावे लागतात, असं तुम्हीच लिहिलं आहे.

एक गोष्ट मात्र विचारायची आहे. संक्रांतीच्या संध्याकाळी नेहमीसारखी सर्वेशशी बोलायला बसले, आणि तो मला हाक कशी मारायचा ते आठवेना. म्हणजे ‘वैशू’ म्हणायचा हे आठवतं. आवाज आठवत नाही. फोनमध्ये त्याचं बोलणं आहे, ते लावलं. चालू असेपर्यंत ओळखीचं वाटलं, आणि बंद केलं तसं पुन्हा गेलं. मी तरीही बोलायला लागले, आणि मनात त्याच्या जागी जे उत्तर आलं ते तुमच्या पुस्तकातलं वाक्य होतं. आता रोज तसंच होतं. बोलते त्याच्याशी आणि ऐकू येता तुम्ही.

आत पोचण्याचा हाही एक टप्पा असतो का? मी पुस्तक पहिल्यापासून पुन्हा पाहिलं, पण याबद्दल कुठे काही सापडलं नाही. तुम्हाला ठाऊक असेल.

काळजी करू नका. मला आता कशाचंच फारसं काही वाटत नाही. हे चांगलंच असावं.

लोभ आहेच, तो राहावा.

आपली,
वैष्णवी

पूर्णगड,
२९ जानेवारी २०२४

चि. वैष्णवी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून लिहायला बसते आणि उठते. काल तर पत्र घेऊन किल्ल्यावर गेले आणि समुद्राकडच्या दाराशी बसून राहिले. तिथून खाडीचं तोंड दिसतं, माणसं दिसत नाहीत. मला तेव्हा माणसं नकोच होती.

तू विचारतेस, हा टप्पा आहे का. नाही, बाळ. हा टप्पा नव्हे. ते चिंतन मी लिहिलं तेव्हा सर्वेश डिप्लोमाला होता, आणि रत्नागिरीत मांडवीच्या आमच्या भाड्याच्या खोलीत माझ्या शेजारी बसून पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होता. तुझे डॉक्टर म्हणाले ते खरं आहे. मी देवाबद्दल लिहीत होते, आणि वाक्य जमून आलं म्हणून त्यात माणसालाही नेऊन बसवलं. देवाशी बोलताना उत्तर येत नाही, तरी बोलणारा वाढत जातो. तू आटत चालली आहेस. मला ते तुझ्या अक्षरात दिसतं. सर्वेश देव नव्हता गं. मोरीतला दिवा कधी न मालवणारा, उसनी आणलेली हत्यारं परत न करणारा आपला माणूस होता तो. त्याच्यासाठी रडावं, त्याची आठवण काढून हसावं. त्याची पूजा मांडायला गेलो तर तो हातातून जातो. मी आत वळायला सांगितलं होतं. तू आत जाऊन कडी लावून घेतलीस, आणि मी बाहेरून शाबास म्हटलं.

का म्हटलं, तेही लिहिते. तू दुसऱ्या घरी गेलीस की सर्वेश कसा होता हे बोलायला मला कुणी उरणार नाही, याचं भय वाटलं. बाबा त्याचं नाव काढत नाहीत. मला सोबत हवी होती, आणि तुझ्याकडून मिळाली तेव्हा मी तिला भक्ती असं नाव दिलं.

शब्द पुरे झाले. मी येते आहे. रविवारी सकाळच्या एसटीने निघते, रत्नागिरीला गाडी बदलेन. मंडणगड आलं की मला हलवून सांगा, अशी चिठ्ठी लिहून कंडक्टरच्या हातात देईन. त्या डॉक्टरांना मला भेटायचं आहे. तू नको म्हणालीस तर मला ऐकू येणार नाही.

तोवर दोन घास नीट जेव. एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
आई

मंडणगड,
९ फेब्रुवारी २०२४

अहो,

संसाराला एवढी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुमचं नाव घ्यायची सवय नाही, म्हणून मायना असा आखूड. नमस्कार समजून घ्या.

पोर वाळली आहे. मला दारात पाहून रडली नाही. चहा ठेवायला गेली, आणि चहा उतू गेला तेव्हा रडली. नंतर आम्ही दोघी सर्वेशच्या तक्रारी करत बसलो. मासे साफ करायचे म्हटलं की कसा गायब व्हायचा, लग्नात हार घालताना कसा अडखळून भटजींच्या अंगावर गेला होता. बोलता बोलता ती मोठ्याने हसली असणार, कारण शेजारीण डोकावून गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. उंच आहेत, थोडे वाकून चालतात, हातांना औषधाचा वास. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर सगळे ओरडतात, ते ओरडले नाहीत. ओठ दिसतील असे समोर बसले आणि सावकाश बोलले. मी विचारलं, माझं पुस्तक कसं वाटलं? म्हणाले, निम्मं कळलं, आणि जे कळलं त्यातल्या काहीशी भांडण आहे. मला तसलं उत्तर आवडतं, तुम्हाला ठाऊकच आहे. मग विचारलं, ही मुलगी तुम्हाला का हवी?  म्हणाले, तिने सर्वेशशी बोलणं थांबवावं असं मला वाटत नाही. पण बोलून झाल्यावर ती एकटी जेवते, ते मला नको आहे.

मी उठून तिघांची पानं घेतली.

वैष्णवी म्हणते, ते आवडतात हे तिला पहिल्यापासून कळत होतं, म्हणूनच एवढा राग यायचा. पण मग तिने मला विचारलं, मी गेले तर तुमची कोण राहू? मूल नाही, नातं सांगायला काही नाही. त्यावर माझ्या तोंडून निघून गेलं की आम्ही तुला आमच्या घरातून देऊ. मला भेटायला गावाहून आलेल्या हौसाबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, एकदा आम्ही दिली, आता तुम्ही द्या.

तुम्हाला न विचारता शब्द दिला आहे. तुमचं मन काय म्हणतं ते लिहा. वैष्णवीच्या फोनवर सांगू नका. ती मला सांगणार म्हटल्यावर तुम्ही खरं बोलणार नाही.

तुमची,
कमळा

पूर्णगड,
१४ फेब्रुवारी २०२४

सौ. कमळा हिस दत्तारामचा नमस्कार.

मायना चुकला असला तर सुधारून घे, तू मास्तरीण आहेस. घरात सगळं ठीक. पेज करतो नि खातो. शेजारची गोदा मधे मधे कालवण देते, पण तिखटाला हात आखडता.

मन विचारलंस म्हणून लिहितो. त्या दिवशी तू घावणं केलीस तेव्हा माझ्या घशाखाली उतरेना. पोरगी तिकडं एकटी बसलीय नि आपण हितं खुशी करतोय, असं वाटत होतं. पण तू कितीतरी दिवसांनी हसलीवतीस. तुला काय सांगू? गप बसलो.

आता जड जातंय, ते खोटं कशाला सांगू. पोरगी सणावाराला येते तेवढे दिवस पोराच्या खोलीत उजेड असतो. आता ती दुसऱ्याच्या नावाने येणार. येऊ दे. पण ती यायची थांबायची नाय ना, तेवढं तिच्याकडून कबूल करून घे. बाकी माझी ना नाय. आपल्याच दारातनं जाऊ दे. मांडव मी घालतो, झावळ्या हायत.

डॉक्टर मासे खातो काय ते विचारून ये. खात नसला तर आपल्या पोरीचं कसं व्हायचं?

लवकर ये. घर लय मोठं वाटतंय.

दत्ताराम

॥ श्री ॥

मंडणगड,
२ जून २०२४

ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

या घरातून लिहिलेलं पहिलं पत्र तुम्हालाच. लिहायच्या आधी मी ओमकारना विचारलं, आता मायना काय घालू? ते म्हणाले, हात आपोआप जे लिहील ते. हाताने हे लिहिलं.

इथे बरं आहे. सासूबाई कमी बोलतात, पण माझ्या ताटात चार गोष्टी जास्त वाढतात. बाबांना सांगा, डॉक्टर मासे खातात, फक्त काटे काढता येत नाहीत. एवढे शिकलेले हात, पण बांगड्यापुढे हरतात. लग्नाआधी तुमच्याकडे राहिले, त्या सवयीने पहाटे जाग आली की मी अजून समुद्राचा आवाज येतोय का ते ऐकते. इथे डोंगर आहेत नुसते. मग आठवतं, आणि पुन्हा झोप लागत नाही.

लग्नानंतर बरेच दिवस सर्वेशशी बोलले नव्हते. लाज वाटत होती. परवा ओमकार खेड्यांच्या फेरीला गेले तेव्हा अंगणात बसून बोलले. उत्तर आलं नाही. पुस्तकातलं वाक्यही आलं नाही. सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत त्याची आठवण आली, सुरुवातीला यायची तशी. मी खूप रडले. इतक्या महिन्यांत तो प्रथमच माझ्या जवळ होता. ओमकार आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग आम्ही पानं वाढून घेतली.

आई, एक विचारू? लग्नाच्या दिवशी निघताना मी सगळ्यांच्या पाया पडले, पण बाबा सापडले नाहीत. सकाळपासून मांडवात सगळ्यांना हुकूम सोडत होते, आणि गाडी आली तेव्हा कुठेच नव्हते. मी थांबते म्हटलं, पण गाडीवाला घाई करत होता. घाटीच्या वळणापर्यंत मी मागे वळून बघत होते. ते माझ्यावर रागावले तर नाहीत? तुम्ही खरं ते लिहा. मला त्याशिवाय इथे चैन पडायचं नाही.

दोघांनाही नमस्कार. या मुलीवरची सावली काढून घेऊ नका.

आपली,
वैष्णवी

पूर्णगड,
१० जून २०२४

चि. सौ. वैष्णवी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र घेऊन धाकू आला तेव्हा मी अंगणातच होते. रोज त्या वेळेला असतेच, ते तू नव्या घरी सांगत बसू नकोस.

तू गेल्यापासून मी काही लिहिलेलं नाही. सकाळी देवापुढे बसते आणि शब्द येत नाहीत. पूर्वी मला त्याची भीती वाटली असती. आता तशीच बसते. कधी तुझी आठवण येते, कधी सर्वेशची, कधी नुसतं काहीतरी हवंसं वाटत राहतं आणि ते काय ते कळत नाही. उठताना मात्र हलकं वाटतं. याला काय म्हणतात ते शोधायचं मी सोडून दिलं आहे.

बाबांचं विचारलंस. ते रागावले नव्हते. तुझी गाडी दिसेनाशी झाल्यावर मी त्यांना शोधत मागच्या दारी गेले. माडाखाली ती जुनी होडी पालथी घातलेली आहे ना, तिला टेकून ते मातीत बसले होते, नवं धोतर नेसून, आणि रडत होते. मला ऐकू आलं नाही, पण गोदा आणि आणखी दोघी धावत आल्या, त्याअर्थी आवाज मोठा असणार.

तुला एक ठाऊक नाही. सर्वेश गेला तेव्हा ते रडले नव्हते. घर माणसांनी भरलं होतं, मी शुद्धीवर नव्हते, लाकडांपासून सगळं त्यांनाच बघायचं होतं. तेव्हा राहिलं ते राहूनच गेलं. पुढे तेराव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. मी त्यांना कोरडे समजत होते, हे तुला सांगायला हरकत नाही.

आणि त्या दिवशी ते असे रडत होते, आणि कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. मुलगी सासरी गेल्यावर बाप रडणारच. गोदाने पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि बायकांना घेऊन निघून गेली.

मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांचे ओठ हलत होते. आधी तुझं नाव घेतलं. मग सर्वेशचं. मग पुन्हा तुझं. मग दोन्ही नावं एकात एक अशी येऊ लागली की मला ती वेगळी करता येईनात. मीही रडायला लागले. लोक पांगेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो, त्यांच्या खांद्याला माझा खांदा लागलेला.

तू जाताना त्यांना एवढं देऊन गेलीस. म्हणून ते दारात आले नाहीत.

दोघांना आशीर्वाद. आमची आठवण येते तशी येत राहो.

तुझी,
आई